क्लॅट परत द्यायची का? आधी ते ४२ प्रश्न काढून बस

प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कराडची मुलगी, बारावी आर्ट्स, स्टेट बोर्ड. गेल्या डिसेंबरात क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची, म्हणजे एनएलयूंची प्रवेश परीक्षा) दिली, १२० पैकी ६०.५ आले, एनएलयू कुठलंच मिळालं नाही. मग बोर्ड, मग राज्याची लॉ सीईटी (राज्यातल्या बाकी लॉ कॉलेजांची प्रवेश परीक्षा). आता तिला क्लॅट परत द्यायचीय. बाबा म्हणतात वर्ष वाया जाईल, मैत्रीण म्हणते पुण्याला मोठा क्लास लाव, आणि तिचा स्वतःचा प्लॅन असा की मागच्या वर्षी सहा तास अभ्यास करत होते तर यंदा दहा तास करीन.

तर बाळा, सगळ्यात आधी त्या दहा तासांचं बोलू. मी बारा वर्षं हे शिकवतोय आणि मी स्वतः ही परीक्षा दोनदा दिलेली आहे, तेव्हा ती मे महिन्यात व्हायची आणि २०० प्रश्न असायचे. पहिल्यांदा आपटलो. दुसऱ्या वर्षी मी पण हेच ठरवलं होतं, तास वाढवायचे. जून ते ऑगस्ट मी तीच पुस्तकं, तेच पेन, त्याच टेबलावर परत पहिल्या पानापासून वाचली आणि मला वाटत होतं काय भारी चाललंय, कारण सगळं येत होतं. येणारच ना, आदल्या वर्षी वाचलेलंच होतं. सप्टेंबरात मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली तर मार्क आदल्या वर्षीएवढेच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी तीन महिने नवीन काहीच शिकलो नव्हतो, जे येत होतं तेच घोकत होतो आणि जे येत नव्हतं त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

तू मेसेजमध्ये एक गोष्ट फार चांगली केलीस, सेक्शनप्रमाणे आकडे दिलेस. बरेच जण नुसतं "साठ आले सर" म्हणतात. तुझे आकडे असे: इंग्लिश २४ पैकी २४ सोडवले, १५ बरोबर. जीके-करंट (सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी) ३० पैकी २७ सोडवले, १२ बरोबर. लीगल ३० च्या ३०, त्यात २० बरोबर. लॉजिकल २४ पैकी २२, त्यात १७ बरोबर. मॅथ्स १२ पैकी १० सोडवले, ७ बरोबर. म्हणजे एकूण ११३ सोडवले, ७१ बरोबर, ४२ चूक, दर चुकीच्या उत्तराला पाव मार्क वजा, ४२ चे पाव म्हणजे १०.५ गेले, राहिले ६०.५. हिशोब जुळतो.

आता यावर तू लिहिलंयस की "निगेटिव्हने घात केला, यंदा कमी अटेम्प्ट करीन". थांब. निगेटिव्हवर खापर फोडायची सगळ्यांना सवय आहे आणि क्लासवालेही तेच सांगतात, पण कागदावर मांडून बघ. चार ऑप्शन आहेत, काहीच न बघता डोळे मिटून १६ तुक्के मारलेस तर सरासरी ४ लागतील आणि १२ चुकतील, ४ वजा ३, म्हणजे १ मार्क मिळालाच, गेला नाही. आणि जिथे दोन ऑप्शन नक्की कापता येतात असे ८ प्रश्न घेतलेस तर ४ बरोबर ४ चूक, ४ वजा १, चक्क ३ मार्क. म्हणजे कमी सोडवल्याने मार्क वाढत नाहीत. ते १०.५ सगळेच्या सगळे परत मिळाले असते तरी तू ७१ वर असतीस. मुद्दा वजा झालेल्या पाव-पाव मार्कांचा नाहीच, ते ४२ प्रश्न बरोबर का आले नाहीत याचा आहे. तुक्क्यांची खरी किंमत वेळेत मोजावी लागते, दोन ऑप्शनमध्ये दोन-दोन मिनिटं झुलत बसायचं आणि शेवटी तुक्काच मारायचा, हे महागात पडतं.

तर आधी हे कर, क्लासची चौकशी नंतर. क्लॅट घेणाऱ्या कन्सोर्टियमच्या (एनएलयूंच्या संघाच्या) वेबसाइटवरून तो पेपर आणि फायनल आन्सर की (बरोबर उत्तरांची यादी) डाउनलोड कर, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आण, मोबाईलवर बघू नकोस. ते ४२ प्रश्न परत सोडव, घड्याळ न लावता, आन्सर की न बघता. आणि प्रत्येकाच्या बाजूला तीनपैकी एक अक्षर लिही. म म्हणजे माहीतच नव्हतं. व म्हणजे वाचण्यात चूक, आता वाचलं तर लगेच बरोबर येतंय. द म्हणजे दोन ऑप्शनमध्ये अडकले आणि चुकीचा निवडला, आणि अजूनही नीट कळत नाहीये की दुसरा का बरोबर. यात स्वतःशी खोटं बोलू नकोस, सगळ्यांना वाटतं आपले सगळे "व" आहेत, सिली मिस्टेक. सिली मिस्टेक हा शब्द मी माझ्या बॅचमध्ये बंद केलाय. दर मॉकला आठ वेळा होते ती मिस्टेक सिली कशी?

या तीन ढिगांची औषधं वेगवेगळी आहेत म्हणून एवढं सांगतोय. "म" वाल्याला वाचन लागतं, अभ्यास लागतो. "व" वाल्याला तास वाढवून काही होत नाही, त्याला वेग कमी करायला लागतो, आणि कुठे कमी करायचा ते कळायला लागतं. "द" वाल्याला कुणाशी तरी वाद घालायला लागतो, की हा का आणि तो का नाही, इथे चांगला मास्तर किंवा हुशार मैत्रीण कामाची. दहा तासवाला प्लॅन फक्त "म" च्या ढिगाला लागू पडतो, आणि माझा अंदाज आहे की तुझा तो ढीग जीके सोडला तर छोटा निघेल.

तुझ्या इंग्लिशचंच बघ. तू म्हणतेस इंग्लिश चांगलं आहे, आणि असेल, पण ९ चुकले. आणि तू पेपर छापलाय त्या क्रमाने सोडवलास म्हणजे इंग्लिश सगळ्यात पहिलं, डोकं ताजं असताना. मग ९ कसे चुकले? मला वाटतं घाई. कारण मॅथ्सला शेवटी आठ मिनिटं उरली होती असं तूच लिहिलंयस, म्हणजे शेवटी वेळ पुरणार नाही ही भीती पहिल्या पानापासून मानेवर बसलेली होती.

वेळेचं गणित एकदा नीट कर. २०२० पासून पेपर पॅसेजवर (उतारा वाचून त्यावर प्रश्न) गेला, आधी १५० प्रश्न होते, २०२४ च्या प्रवेशासाठी जी परीक्षा डिसेंबर २०२३ मध्ये झाली तेव्हापासून १२०. एक पॅसेज साधारण ४५० शब्दांचा. वीस-बावीस पॅसेज धर, झाले नऊ-दहा हजार शब्द, आणि त्यात प्रश्न आणि ऑप्शन धरलेच नाहीत. मिनिटाला २०० शब्दांनी वाचलंस तर ५० मिनिटं नुसती वाचण्यात गेली, २५० ने वाचलंस तर ४०. ही दहा मिनिटं म्हणजे तुझं अख्खं मॅथ्स. म्हणून मी म्हणतो की ही परीक्षा कायद्याची नाहीच, वाचनाची आहे. कायदा नंतर पाच वर्षं आहेच शिकायला.

आणि वाचनाचा वेग स्पीड रीडिंगच्या व्हिडिओंनी वाढत नाही. रोज वाचून वाढतो, तो पण कंटाळवाणं वाचून. आपल्याकडच्या मुलांची अडचण मला माहितीये, इंग्लिश येतं पण सलग तीन पानं वाचायची सवय नसते, मध्येच मनात मराठीत भाषांतर सुरू होतं. यावर मी जे करून घेतो ते सांगतो, कुणी हसलं तरी चालेल. सकाळी लोकसत्ताचा अग्रलेख वाच, विषय समजून घे. मग त्याच विषयावरचं इंडियन एक्सप्रेस किंवा हिंदूमधलं संपादकीय किंवा लेख शोधून वाच. विषय आधीच कळलेला असल्याने इंग्लिशची वाक्यं अडत नाहीत, आणि दोन महिन्यांनी मराठीची कुबडी आपोआप सुटते. वाचून झालं की पेपर उलटा ठेव आणि दोन ओळी लिही, लेखकाचं म्हणणं काय आणि त्याला कुणाचं म्हणणं पटत नाहीये. बस्स. शब्दार्थांची वही वगैरे करत बसू नकोस, ती वही कुणी उघडत नाही, मी पण नाही उघडली.

आता लीगल. इथे जरा लांब लिहितो कारण परत देणाऱ्या मुलांचा सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. दुसऱ्या वर्षी लीगलचे मार्क कमी होतात. खरंच होतात, माझ्या बॅचमध्ये दर वर्षी दोन-तीन जणांचं होतं. कारण पहिल्या वर्षी काही येत नसतं म्हणून मुलं पॅसेज इमानदारीत वाचतात. मग सीईटीसाठी टॉर्ट्स (दिवाणी चुकांचा कायदा) वाचतात, कॉन्ट्रॅक्ट वाचतात, घटनेची कलमं पाठ करतात, आणि दुसऱ्या वर्षी पॅसेज वाचायच्या ऐवजी स्वतःच्या डोक्यातलं वाचतात.

एक उदाहरण घे, मी वर्गात देतो तेच. पॅसेजमध्ये ट्रेसपासबद्दल एवढंच दिलंय की दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत मुद्दाम आणि परवानगीशिवाय शिरलं की ट्रेसपास झाला, नुकसान झालंच पाहिजे असं नाही. प्रश्न असा: अ च्या बंद घरातून धूर येतोय, अ गावाला गेलाय, शेजारी ब कडी तोडून आत जातो आणि आग विझवतो. पॅसेजप्रमाणे ब ने ट्रेसपास केला का? ऑप्शन: नाही, कारण त्याने घर वाचवलं. नाही, कारण अडचणीच्या वेळी कायदा असं करायची मुभा देतो. हो, कारण त्याने कडी तोडून नुकसान केलं. हो, कारण तो मुद्दाम आणि परवानगीशिवाय आत गेला.

नवीन मुलं बहुतेक करून चौथा निवडतात, जरा कचरत. परत देणारी मुलं थाटात दुसरा निवडतात, कारण त्यांनी नेसेसिटी, म्हणजे निकड होती म्हणून केलं, हा बचाव वाचलेला असतो, आणि तो कायद्यात खरंच आहे. पण पॅसेजमध्ये आहे का? नाही. प्रश्नात लिहिलंय पॅसेजप्रमाणे. दोन अटी दिल्या होत्या, दोन्ही पूर्ण झाल्या, संपलं. तिसरा ऑप्शन पण बघ कसा गळ टाकलाय, उत्तर "हो" बरोबर आहे पण कारण चुकीचं, कारण पॅसेजने नुकसानाचा मुद्दा आधीच उडवलाय. एका मुलीने माझ्याशी यावर अर्धा तास भांडण केलं, सर पण हा अन्याय आहे त्या शेजाऱ्यावर. म्हटलं आहे ना, चांगली वकील होशील, पण आज मार्क गेला.

त्यामुळे लीगलच्या चुकलेल्या १० प्रश्नांत एक वेगळी खूण कर, उत्तर पॅसेजमधल्या कुठल्या ओळीवर उभं आहे त्या ओळीखाली पेन्सिल ओढ. ओळ सापडली नाही तर तू बाहेरचं ज्ञान आणलंस. ही सवय महिनाभर लावलीस तर लीगलला २० चे २५ व्हायला हरकत नाही, एकही नवीन पुस्तक न घेता.

बाकी जुन्या पुस्तकांवरून आठवलं. दादा-ताईची पुस्तकं वापरणार असशील तर बघून घे, १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आलीये, खुनाची शिक्षा ३०२ ची १०३ झाली, आणि चारसोबीसचं कलम आता ३१८ मध्ये गेलंय, भाषेतून जायला मात्र पन्नास वर्षं लागतील. क्लॅटमध्ये कलम नंबर पाठ असून फारसा उपयोग नाही, पण सीईटीमध्ये सरळ प्रश्न येतात, तिथे जुनं पुस्तक अंगाशी येतं.

जीके. २७ सोडवले आणि १२ बरोबर, १५ चूक. हा तुझा खरा "म" ढीग. मागच्या वर्षीच्या नोट्स तशाच परत वाचू नकोस, करंट अफेअर्स शिळं होतं. पण सगळं टाकूनही देऊ नकोस, कारण क्लॅटमध्ये बातमीच्या मागचं विचारतात. उदाहरणार्थ एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या राज्यपालांनी विधेयकं अडवून ठेवल्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, मग राष्ट्रपतींनी कोर्टाकडे मत मागितलं, नोव्हेंबरात घटनापीठाने ते दिलं. बातमी जुनी होईल पण अनुच्छेद २०० काय, २०१ काय, राष्ट्रपती कुठल्या अनुच्छेदाखाली मत मागतात, १४३, हे तसंच राहतं. म्हणून महिन्याचं मॅगझिन पाठ करण्यापेक्षा बातमी घे आणि तिची मुळं खणून एक पान लिही. आठवड्याला चार पानं झाली तरी डिसेंबरपर्यंत शंभराच्या आसपास जातील. तेवढी बास होतात.

आणि पेपरमध्ये जीके पहिलं सोडवून बघ. तिथे आलं तर आलं नाही तर नाही, विचार करून उत्तर उगवत नाही, आणि बरेचदा पॅसेज पूर्ण न वाचता प्रश्नच आधी बघितले तरी चालतं. बारा-पंधरा मिनिटांत उरकून बाहेर. मग मॅथ्स की लीगल ते मॉकमध्ये ठरव. मी सांगतो म्हणून क्रम बदलू नकोस, चार मॉक एका क्रमाने, चार दुसऱ्या क्रमाने दे आणि तुझेच आकडे बघ.

मॅथ्सबद्दल एवढंच की आर्ट्सच्या मुलींनी त्याला घाबरायचं बंद करा. दहावीचं गणित आहे, टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, एक तक्ता किंवा उतारा आणि त्यावर प्रश्न. तू आठ मिनिटांत १० सोडवून ७ बरोबर आणलेस, घाईत! पंधरा मिनिटं मिळाली तर १० कुठे गेले नाहीत. रोज अर्धा तास, दुपारी जेवणाआधी. लॉजिकल तुझं ठीक आहे, सोडून देतो.

मॉक. किती द्यायच्या हा प्रश्न सगळे विचारतात, मी उलटा विचारतो, किती तपासशील? दोन तासांची मॉक दिली की तपासायला किमान तेवढाच वेळ, खरं तर जास्त. ऑगस्टपर्यंत आठवड्याला एक, मग दोन. रोज एक देणारी मुलं मी बघितलीत, नोव्हेंबरात ती रडकुंडीला येतात, मार्क हलत नाहीत आणि पेपरचा वीट येतो. आणि मॉक कागदावर दे, क्लॅट कागदावर होते, ओएमआरचे (उत्तरपत्रिकेवरचे) गोळे पेनने भरायचे असतात, एकदा काळा केला की खोडता येत नाही. गोळे भरायलाच सात-आठ मिनिटं जातात हे घरी लॅपटॉपवर टिचक्या मारून कळत नाही. वेळ पण तीच ठेव. परीक्षा दुपारी २ ते ४ असते, म्हणजे आपल्याकडची जेवून पेंगायची वेळ. माझ्याकडे एक मुलगा होता, सगळ्या मॉक पहाटे पाचला द्यायचा, मार्क झकास. परीक्षेला दोन वाजता लॉजिकलचा पॅसेज तीनदा वाचला म्हणे, डोक्यात शिरेना. तेव्हा रविवारी एक वाजता हलकं जेव आणि दोनला बस, घरात पाहुणे असले तरी.

एक वही ठेव, फक्त चुकांची. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीतली नोंद सांगतो, तिच्या परवानगीने वर्गात दाखवतो मी: "मॉक १४, लॉजिकल, प्र. ८७. प्रश्नात वीकन (युक्तिवाद कमकुवत करणारं) होतं, मी स्ट्रेंदनचं (बळकट करणारं) उत्तर शोधलं. कारण आधीचे दोन प्रश्न स्ट्रेंदनचे होते. यापुढे प्रश्नातल्या त्या शब्दाला गोल करायचा." मुद्दा असा की नोंदीत चूक आहे, कारण आहे आणि पुढे काय करायचं ते आहे. "लक्ष देऊन वाचायला हवं" असली नोंद नको, त्याने काही होत नाही.

आता क्लास. तुला आत्ता ज्याची गरज आहे ते म्हणजे चांगली मॉक सिरीज आणि "द" च्या ढिगासाठी कुणीतरी माणूस. ते कराडात बसून ऑनलाइन मिळतं. पुण्यात रूम, मेस आणि क्लास मिळून जो खर्च येतो त्यात तुझ्या कॉलेजचं एक वर्ष निघेल. मी स्वतः शिकवतो तरी सांगतोय. माझ्या वेळी मी एका क्लासचे पूर्ण पैसे भरले, त्यांनी एक गोणी भरून पुस्तकं दिली आणि बॅच दिवाळीनंतर दुसऱ्या बॅचमध्ये मिसळून टाकली, पैसे परत मागितले तर ऑफिसमधला माणूस चहा पाजायचा फक्त. ती गोणी आईने रद्दीत घातली. क्लास लावायचाच असेल तर एकच प्रश्न विचार, माझी मॉक माझ्याबरोबर बसून कोण तपासणार? उत्तर गोलगोल आलं तर निघून ये.

बाबांचा मुद्दा मात्र चुकीचा नाही, तो टाळू नकोस. ड्रॉप घ्यायचा का, म्हणजे तयारीसाठी वर्ष मोकळं ठेवायचं का, तर तुझ्या बाबतीत माझं मत असं. सीईटीच्या कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज मिळत असेल तर क्लॅट विसर आणि जा. १८५५ सालचं कॉलेज आहे, बाबासाहेब तिथे प्राचार्य होते, फी काही हजारांत, आणि हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर. पुण्याचं आयएलएस मिळालं तरी मी जा म्हणेन, यशवंतराव चंद्रचूड तिथलेच, देशाचे सरन्यायाधीश झाले. एनएलयूची फी वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरात जाते, मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल तर त्याचा उपयोग आहे, पण कराडला किंवा साताऱ्याला कोर्टात उभं राहायचं असेल तर न्यायाधीश तुझं कॉलेज विचारत नाहीत, फाईल वाचलीस का ते विचारतात.

ही दोन्ही नाही मिळाली तर नुसतं घरी बसू नकोस, कराडातच बीएला प्रवेश घे. यंदा क्लॅट झाली तर बीए सोडून पाच वर्षांच्या कोर्सला जाशील, नाही झाली तर तुझं एफवाय झालेलं असेल, बीए करून तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी देता येते. वर्ष वाया गेलं असं बाबांना म्हणताच येणार नाही. पाच वर्षांच्या लॉला प्रवेश घेऊन त्यातून क्लॅट द्यायचा मार्ग मला तेवढा आवडत नाही, हजेरी असते, इंटर्नल्स असतात, सेमिस्टरची परीक्षा बरोबर नोव्हेंबर-डिसेंबरात येऊन धडकते आणि दोन्हीकडची वाट लागते. केलंस तर आधी विचारून घे की मध्येच सोडलं तर फीपैकी किती परत आणि एलसी किती दिवसांत मिळते.

आणि फक्त क्लॅटवर सगळं टांगू नकोस. दिल्लीच्या एनएलयूची आयलेट ही प्रवेश परीक्षा वेगळी असते, तिच्यात लीगल आणि मॅथ्स नाही, लॉजिकलचं वजन जास्त, तुझ्या १७ कडे बघता तुला जमू शकते. सिंबायोसिसची प्रवेश परीक्षा स्लॅट एका सीझनमध्ये दोनदा देता येते आणि चांगला स्कोअर धरतात, फी मात्र बाबांना आधी दाखव. सीईटी परत दे, तिथे निगेटिव्ह नाही आणि मराठीतूनही पेपर असतो, एकही प्रश्न रिकामा ठेवलास तर मी ओरडेन. क्लॅटला वयाची वरची अट नाही आणि किती वेळा द्यायची यावर बंधन नाही, पण तिसऱ्यांदाचा विचार आत्ता डोक्यात आणू नकोस.

रिझल्टनंतर कोर्टात काय होतंय याकडे पण डोळे लावून बसायचं नाही. डिसेंबर २०२४ च्या क्लॅटची आन्सर की दिल्ली हायकोर्टात गेली, तिथून सुप्रीम कोर्टात, मे २०२५ उजाडला. माझ्या बॅचमधली दोन मुलं पाच महिने "सर दोन मार्क वाढतील" म्हणत बसली आणि बोर्ड, सीईटी दोन्हीचा अभ्यास पातळ झाला.

गणपती, नवरात्र, दिवाळी हे सगळं नेमकं अभ्यासाच्या भर मोसमात येतं, आणि प्रत्येक घरी एक तरी मावशी विचारणार "यंदा काय करतेस गं?" बीए करतेय म्हण. खोटं पण नाही. गणपतीचे दीड दिवस सुट्टी घे, मोदक खा, मॉकचं वेळापत्रक आधीच तसं लाव. दिवाळीत मात्र चारच्या वर दिवस देऊ नकोस, तिथून परीक्षा चार-सहा आठवड्यांवर असते.

कागदपत्रांचं आत्ताच बघ, हे मुलं नोव्हेंबरात आठवतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही महाराष्ट्र एनएलयूंमध्ये राज्याच्या डोमिसाइलवाल्यांसाठी (रहिवासाचा दाखला असलेल्यांसाठी) जागा असतात आणि तुझ्यासारख्या स्कोअरच्या मुलीसाठी खरा दरवाजा तोच आहे. डोमिसाइल काढलेलं नसेल तर या आठवड्यात सेतूमध्ये जा, जातीचा दाखला लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयरची मुदत तपास. फॉर्म जुलै-ऑगस्टला सुटतो, त्यात राज्य आणि कॅटेगरी भरताना बाबांना शेजारी बसव आणि दोघांनी मिळून वाचा. मागच्या वर्षी तू डोमिसाइलचा रकाना भरला होतास का, ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाहीस. ते बघून सांग, आणि म, व, द किती-किती निघाले ते पण.